स्पीकरची घरघर आणि तिसरी पिन

गावात रात्री दहानंतर कॉम्प्युटरचे स्पीकर नुसते चालू ठेवून, काहीही न वाजवता बसलं की ती घरघर स्पष्ट ऐकू येते. दिवसाही ती असतेच, पण कूलरच्या पंख्याखाली, अंगणातल्या बोलण्याखाली, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरखाली दबलेली. शहरात रस्त्याला लागून घर असेल तर वर्षभर ती कुणाच्या कानी पडणार नाही. इथे तिला झाकायला वावरातल्या रातकिड्यांखेरीज काही नाही, म्हणून हा त्रास खेड्यात जास्त जाणवतो. आणखी एक कारण आहे. या घरघरीचं जे नेहमीचं मूळ, ते खेड्यातल्या घरांत खरोखरच जास्त वेळा सापडतं.

पहिला उपाय बहुधा नव्या स्पीकरचा होतो. तालुक्याच्या बाजारातून नवी जोडी येते, जोडली जाते, आणि तीच घरघर पुन्हा सुरू. यात दुकानदाराचा दोष क्वचितच असतो. स्पीकरचं काम तारेतून येईल ते मोठं करून सांगण्याचं. कॉम्प्युटरच्या हिरव्या जॅकमधून निघणारा आवाजाचा सिग्नल जेमतेम एक-दीड व्होल्टचा असतो, आणि त्याच टेबलाखाली २३० व्होल्टची तार पडलेली असते. त्या २३० मधला लाखावा हिस्सा, म्हणजे दोन मिलिव्होल्टच्या आसपास, सिग्नलच्या तारेत शिरला तरी शांत खोलीतल्या कानाला तेवढा पुरतो. तो कुठून शिरला हे शोधायचं असतं. स्पीकर बदलून ती वाट बंद होत नाही.

आवाजावरून मूळ ओळखणं हा या कामातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि त्यासाठी मराठीतले नादशब्द मीटरइतकेच उपयोगी पडतात. जाड, गुळगुळीत ‘घूं’ असेल तर सिग्नलच्या वायरीतली, आतल्या तारांना झाकणारी जाळी तुटलेली आहे किंवा वायर एखाद्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेली आहे. काटेरी ‘घर्र’ असेल तर कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्या जमिनीत, म्हणजे अर्थमध्ये, फरक आहे, किंवा स्पीकरच्या पॉवर सप्लायचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून लहर सपाट करणारा भाग, थकला आहे. माऊस हलवल्यावर बदलणारी बारीक ‘कुईं’ कॉम्प्युटरच्या पोटातून येते. मध्येच उठणारी ‘डर्र-डर्र-डर्र’ ही जवळ ठेवलेल्या मोबाइलची. आणि सेकंदा-दीड सेकंदाला एक अशी घड्याळासारखी ‘टक’ ऐकू आली तर घराबाहेर पडून धुऱ्याकडे बघायचं, कारण ती झटका मशीनची, म्हणजे वावराच्या कुंपणात विजेचा ठोका सोडणाऱ्या यंत्राची असते.

‘घूं’ आणि ‘घर्र’ विजेच्या लाइनीचेच आहेत का, याची खात्री पेटीवर करता येते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, म्हणजे १०० वेळा दिशा बदलते. तिचा मूळ सूर ५० हर्ट्झचा, आणि डायोडमधून सुलट करून घेतली की तिचे उंचवटे सेकंदाला १०० होतात. पेटीची पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, खालच्या सप्तकांत ४९, ९८, १९६ अशी येते. म्हणजे लाइनीचे हे दोन्ही सूर पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित चढे. भजनी मंडळात पेटी धरणाऱ्या माणसाला हे दोन सेकंदांत कळतं. सूर पांढरी पाचला लागला तर वीज, नाही लागला तर दुसरं काही.

त्यानंतरच्या चाचण्यांना पैसा लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. स्पीकरचा आवाज पूर्ण शून्यावर आणा. घरघर तेवढीच राहिली तर दोष स्पीकरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये आहे. कॉम्प्युटर, अर्थिंग, वायर यांच्याकडे वळायचं कारण नाही. आवाजाच्या बटणाबरोबर घरघर कमी-जास्त झाली तर ती बाहेरून येते. मग कॉम्प्युटरच्या मागची पिन उपसून तीच वायर चार्जरवर नसलेल्या मोबाइलला लावा आणि गाणं सुरू करा. ही चाचणी सगळ्यात जास्त सांगते. मोबाइलवर आवाज स्वच्छ आला तर वायर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं ठीक आहे, आणि दोष कॉम्प्युटर जोडल्यावर तयार होणाऱ्या वाटेत आहे. मोबाइलवरही घरघर राहिली तर वायर हलवून, वाकवून बघा. पिनेच्या मानेजवळ ती जवळपास नेहमीच तुटते. ३.५ मिमीच्या पिनेत टोक डाव्या बाजूचं, मधलं कडं उजव्या बाजूचं आणि मुळाकडचा भाग जाळीचा, म्हणजे जमिनीचा. जाळी सुटली की उरलेल्या दोन तारा अँटेनासारख्या खोलीतली सगळी वीज गोळा करतात. अशी पिन चिकटपट्टीने बांधून चालत नाही. दोन इंच वायर कापून टाका आणि नवी धातूची पिन २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने लावा. जाळीचे केस एकत्र पिळून आधी त्यांना कल्हई करून घ्या, म्हणजे जोड धरतो.

लॅपटॉप असेल तर आणखी सोपं. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घरघर क्षणात गेली तर चार्जरमधून येणाऱ्या गळतीचा किंवा जमिनीचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही.

विदर्भातल्या खेड्यांत हा तपास बहुतेक वेळा ज्या दारात येऊन थांबतो ते दार म्हणजे बोर्डावरच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक. थ्री-पिन टॉपची तिसरी पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. आत जाताना ती सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी, अशी तिची रचना. पण कित्येक घरांत त्या भोकामागे तारच नसते. मीटरपासून दोनच तारा ओढलेल्या असतात, फेज आणि न्यूट्रल, आणि सॉकेट मात्र तीन भोकांचं बसवलेलं. कधी एक्स्टेंशन बोर्डाची वायरच दोन तारांची असते. वरून सगळं नीट दिसतं.

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याच्या पॉवर सप्लायच्या डब्यात, वीज जिथे आत शिरते तिथे, फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून डब्याच्या पत्र्यापर्यंत एकेक बारीक कपॅसिटर जोडलेला असतो. आतल्या स्विचिंगचा कचरा बाहेर लाइनीवर जाऊ नये म्हणून तो कपॅसिटर तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत सोडतो. तिसरी पिन जमिनीला जोडलेली असेल तर हा कचरा मुकाट खाली जातो. जोडलेली नसेल तर दोन सारख्या कपॅसिटरच्या मधोमध लटकलेला पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. म्हणूनच अनवाणी पायांनी शेणानं सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर उभं राहून कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. प्रवाह मिलीअ‍ॅम्पियरपेक्षाही कमी असतो, म्हणून तो झटका देऊन फेकत नाही, पण बोटाला कळतो. आणि आवाजाच्या वायरीची जाळी त्याच पत्र्याला जोडलेली असल्यामुळे तोच प्रवाह जाळीतून स्पीकरकडे निघतो. घरघर ती हीच. कॅबिनेटला कुणाचा हात लागल्यावर घरघर एकदम कमी झाल्याचं बऱ्याच घरांत आपोआप लक्षात आलेलं असतं. त्या क्षणी त्या माणसाचं शरीर तिसऱ्या पिनेचं काम करत असतं. हे तपासायला मुद्दाम हात लावू नका, टेस्टर लावा. गळती असेल तर टेस्टरचा दिवा पत्र्यावर मंद पेटतो. पण टेस्टरला कपॅसिटरची गळती आणि पत्र्याला टेकलेली नागडी फेज यांतला फरक सांगता येत नाही, म्हणून दिवा ठळक पेटला किंवा कधी खरा झटका बसला तर प्लग काढा आणि वायरमनला बोलावल्याशिवाय पुन्हा लावू नका.

इथे एक गोष्ट पूर्ण जोर देऊन सांगावीशी वाटते. घरघर घालवण्यासाठी तिसरी पिन कापून टाकण्याचा किंवा तिच्यावर टेप गुंडाळण्याचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. काही मांडण्यांत त्यानं घरघर जातेही. कॉम्प्युटरला एका सॉकेटचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरला दुसऱ्याचं, असं असेल तेव्हा दोन्ही जमिनींमधल्या थोड्या व्होल्टच्या फरकामुळे जाळीतून प्रवाह फिरत राहतो, आणि एक पिन कापली की ते वर्तुळ तुटतं. पण त्या दिवसापासून त्या यंत्रात कधी फेज पत्र्याला लागली तर फ्यूज उडणार नाही. पत्रा २३० व्होल्टवर शांतपणे वाट बघत राहील, आणि त्याला पहिला हात बहुधा लेकराचा लागेल. हे वर्तुळ तोडायचे सुरक्षित मार्ग दोन-चारशे रुपयांत मिळतात. पिन कापू नका.

याहून वाईट उपाय म्हणजे सॉकेटमध्ये अर्थचा स्क्रू न्यूट्रलला आखूड तारेने जोडून देणं. टेस्टरचा दिवा विझतो, मुंग्या थांबतात, काम झाल्यासारखं वाटतं. पण वादळात खांबावरचा किंवा डीपीवरचा न्यूट्रल सुटला, की घरात चालू असलेल्या बल्ब-पंख्यातून आलेली फेज त्याच तुकड्यावाटे कॉम्प्युटरच्या, कूलरच्या, फ्रिजच्या पत्र्यावर येते, तीही एकाच वेळी सगळ्यांवर. मृगाच्या आधीच्या वावधनात तारा तुटणं आपल्याकडे दरवर्षीचं आहे.

खरा उपाय अंगणात आहे. भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे पाइपचं अर्थिंग करायचं तर जीआय पाइप किमान ३८ मिमी व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा लागतो, आणि खड्डा घराच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. भोवती कोळसा आणि मिठाचे थर देण्याची जुनी पद्धत आहे. वर नरसाळं आणि झाकण ठेवायचं, म्हणजे पाणी टाकता येतं. मीठ ओल धरतं, पण पाइपही खातं, म्हणून चार-पाच वर्षांनी वरचा जोड उघडून बघावा. तिथे गंज चढला असेल तर बाकी सगळं बरोबर असून काही उपयोग नाही. खड्ड्यापासून बोर्डापर्यंत ८ नंबरची जीआय तार आणि तिथून प्रत्येक सॉकेटला हिरवी वायर. अर्थिंग नसलेल्या घरात पैसे घालायचेच असतील तर ते आधी इथे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज स्वच्छ होतो हा त्याचा दुय्यम फायदा.

आपली काळी माती या बाबतीत मोठी विलक्षण आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला बाजारात बेंटोनाइट मिळतं. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि बेसॉल्ट झिजून बनलेल्या आपल्या कापसाच्या जमिनीतही त्याच कुळाचं खनिज भरपूर असतं. ती फुगते, चिकटते, पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात तिच्याइतकी विजेला वाट देणारी जमीन दुसरी क्वचितच. पण हीच माती एप्रिल-मेमध्ये आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइपला घट्ट धरून बसलेली ती त्याच्यापासून सुटून मागे सरकते. मधे हवा राहते. म्हणून काही घरांत पऱ्हाटी उभी असताना स्पीकर निर्मळ वाजतात आणि उन्हाळ्यात घरघर परत येते. यंत्रात काही बिघडलेलं नसतं. उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी नरसाळ्यात टाकलं तरी फरक पडतो. त्याहून सोयीचं म्हणजे कूलरच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी त्या खड्ड्याकडे वळवणं. कूलर चालतो तेच महिने मातीला पाण्याची गरज असते.

कूलरचा विषय निघालाच आहे. खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर हा आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या घरघरीचा दुसरा मोठा धनी. त्याच्या पाण्याच्या पंपाची वायर ओलीतच पडलेली असते, तिच्या आवरणाला चिरा जातात, आणि गळती पत्र्यावर आणि पाण्यात येते. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असतील तर ती गळती सामाईक अर्थच्या तारेतून जाताना तिच्यावर थोडा व्होल्ट उभा करते, आणि स्पीकर तो ऐकवतात. कूलरचा पंप बंद केल्यावर घरघर गेली तर स्पीकर सोडा आणि आधी तो पंप बदला. जीव घेणारी गळती अशीच सुरू होते. बोर्डावर ३० मिलीअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर तो अशा वेळी वारंवार पडतो, आणि लोक वैतागून त्यालाच बायपास करतात. तो पडतोय म्हणजे त्याचं काम करतोय.

पंख्याचा रेग्युलेटर तपासायला तर एक बोट पुरतं. गोल फिरणाऱ्या, कोणत्याही वेगावर थांबणाऱ्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो विजेची लहर मध्येच कापून पंख्याला देतो. मध्यम वेगावर तो ती बरोबर शिखरावर कापतो, म्हणून खरखर तिथे सगळ्यात जास्त आणि पूर्ण वेगावर जवळपास नाही. असा चढ-उतार दिसला तर टकटक करत चार-पाच पायऱ्यांवर थांबणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. त्याला लहर कापावीच लागत नाही.

स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे हलके चार्जर, सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टर, यांतला नेमका गुन्हेगार हुडकायला जुना मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर उत्तम. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लागतं. काटा तिथून थोडा हलवून मोकळ्या जागी आणा आणि सेट हातात धरून घरभर फिरा. ज्या वस्तूजवळ खरखर एकदम वाढते ती बंद करून बघा. कॉम्प्युटरच्या वायरींवर बसवायच्या काळ्या फेराइटच्या गोळ्या अशा वरच्या पट्टीच्या कचऱ्याला अडवतात. ५० हर्ट्झच्या ‘घूं’वर त्यांचा काही परिणाम होत नाही, हे माहीत असलं म्हणजे पैसे वाचतात.

सायंकाळी सहा ते नऊ एवढ्याच वेळात येणारी घरघर वेगळी असते. रब्बीत ओलिताचे पंप चालू असले, किंवा सगळं गाव एका डीपीवर दिवे लावून बसलं, की व्होल्टेज २३० वरून १७०-१८० पर्यंत उतरतं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस ते बराच वेळ सोसतो. पण स्पीकरच्या खोक्यात साधा ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८१२ चा रेग्युलेटर असेल तर त्याला १२ व्होल्ट देण्यासाठी आत किमान १४ तरी लागतात. लाइन उतरली की ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टही त्याच प्रमाणात उतरतात, लहरींच्या खळग्यांमध्ये आतला व्होल्ट १४ च्या खाली जातो, आणि सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटरचा हात सुटतो. नऊनंतर व्होल्टेज चढलं की घरघर आपोआप थांबते. अशा वेळी दुरुस्तीला नेलेले स्पीकर दुकानात दुपारी स्वच्छ वाजणारच. मल्टिमीटरने सायंकाळी सॉकेटचं व्होल्टेज मोजा. स्टॅबिलायझर किंवा आत मोठा कपॅसिटर, हा त्यावरचा उपाय.

कपॅसिटरचं गणितही साधं आहे. डायोडनंतरची उरलेली लहर म्हणजे प्रवाह भागिले शंभर भागिले फॅरड. अ‍ॅम्प्लिफायर एक अ‍ॅम्पियर ओढत असेल आणि कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा असेल तर लहर साडेचार व्होल्टची. ४७०० केला तर दोनच्या थोडी वर. गावागावांत जुळवून दिलेल्या ४४४० आयसीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा १००० किंवा २२०० टाकलेला असतो, आणि तोही पत्र्याच्या खोलीत, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वाळत आलेला. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात. डोकं फुगलेलं, किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला की तो गेला. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, आणि अंगावर ८५ ऐवजी १०५ अंश छापलेला असा घ्या. बदलण्याआधी प्लग काढा आणि जुन्याच्या दोन्ही पायांवर १०० ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद धरून त्याला रिकामा करा. नवा लावताना उणे चिन्हाचा पट्टा जुन्याच्याच बाजूला ठेवा. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो. हे सगळं स्पीकरच्या खोक्यापुरतं. कॉम्प्युटरचा एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

कधीकधी घूंघूं स्पीकरच्या कागदातून न येता खोक्यातूनच येते. कान जवळ नेला की कळतं. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या सैल झालेल्या असतात. स्क्रू आवळा आणि खाली रबराची चकती द्या.

लाइन गेल्यावर, इन्व्हर्टर सुरू होताच स्पीकर एकदम घोगरे झाले तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची चौकोनी लहर ५० बरोबर १५०, २५०, ३५० असे सूर घेऊन येते. पंखाही तेव्हाच गुणगुणतो, त्यावरून ओळखता येतं. बऱ्याच छोट्या यूपीएसचीही बॅटरीवर असताना अशीच पायऱ्यांची लहर असते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेईपर्यंत त्यावर घरगुती औषध नाही. तेवढा वेळ लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा.

आता झटका मशीन. रानडुकरं आणि रोही यांच्यापासून तूर, चना वाचवायला वावराभोवती तार ओढलेली असते, आणि मशीन तिच्यात सेकंदा-दीड सेकंदाला एक असा काही हजार व्होल्टचा क्षणभराचा ठोका सोडतं. वावर गावाला लागून असेल आणि मशीन घराच्या भिंतीवर किंवा कोठ्यात टांगलेलं असेल, तर त्याचा अर्थचा रॉडही लोक घराच्या अर्थिंगशेजारीच ठोकतात, किंवा सरळ त्यालाच जोडतात. मग प्रत्येक ठोका परतताना घराच्या जमिनीला उचलतो आणि स्पीकरमधून ‘टक’ येते. कुंपणाच्या मशीनचा अर्थ घराच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर दूर हवा. दूर नेऊनही टकटक राहिली तर रात्री तारेच्या कडेनं फिरा. तडकलेला इन्सुलेटर किंवा तारेला टेकलेलं ओलं गवत तिथे निळी ठिणगी मारताना दिसेल. ती ठिणगी म्हणजे छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. गवत कापलं की स्पीकरही शांत आणि कुंपणाचा ठोकाही पुन्हा जोरात. मशीनऐवजी सरळ लाइनीचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यानं माणसं मरतात. इथे त्याचा उल्लेख एवढ्यापुरताच.

कॉम्प्युटरच्या आतल्या ‘कुईं’चे उपाय थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. पुढच्या जॅकऐवजी मागचा हिरवा वापरा, कारण पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या पोटातून एसएमपीएसच्या कडेनं येते. साऊंडच्या सेटिंगमध्ये माइक आणि लाइन-इन म्यूट करा, माइक बूस्ट शून्यावर आणा. कॉम्प्युटरचा आवाज ८०-९० टक्क्यांवर ठेवा आणि स्पीकरचं बटण खाली. उलट केलं तर स्पीकर गाण्याबरोबर कचराही मोठा करतात. स्पीकरला वीज यूएसबीतून आणि आवाज जॅकमधून मिळत असेल तर दोन वाटांनी एकच जमीन जोडली जाते. तेव्हा त्यांना वीज मोबाइलच्या चांगल्या, वेगळ्या चार्जरमधून द्या. हे करून भागलं नाही तर छोटं यूएसबी साऊंड कार्ड. जॅकवर पावसाळ्यात चढलेला मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पिन आठ-दहा वेळा फिरवा. साधा बटणाचा टूजी मोबाइल स्पीकरपासून हातभर दूर ठेवा. तो सेकंदाला २१७ वेळा तुटक बोलतो, आणि तीच ती ‘डर्र’.

वर्तुळ तोडण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. एका डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेनं पलीकडे जातो आणि जाळी दोन्हीकडे वेगळी राहते. स्वस्तातल्या डबीत खर्ज थोडा पातळ होतो. ढोलकीच्या धुमावर ते कळेल, बोलण्यावर कळणार नाही. ब्लूटूथ किंवा ऑप्टिकल जोडणीतही तारच नसल्यामुळे हेच साधतं. पण ती डबी बसवण्याआधी दोन सोप्या गोष्टी करून बघाव्यात. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्पीकर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, म्हणजे जमिनीची वाट आखूड आणि एकच राहते. दुसरं, कॉम्प्युटर टीव्हीला जोडला असेल तर सेट टॉप बॉक्समधून डिशची वायर काढून बघा. छपरावरच्या छत्रीचा लोखंडी खांब भिंतीतून ओल धरून स्वतःची वेगळी जमीन करून बसलेला असतो. इंटरनेटच्या साध्या लॅन वायरीवर मात्र शंका घेऊ नका. तिच्या दोन्ही टोकांना आतच ट्रान्सफॉर्मर असतात.

हे सगळं झाल्यावर कान स्पीकरपासून वीतभर नेल्यावर बारीक ‘सूं’ ऐकू येईल. ती राहू द्या. ती प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला असते.

अर्थिंग नवं केलं असेल तर वायरमन निघण्याआधी त्याच्याकडून एक मोजणी करून घ्या. मीटरचा आकडा एकटा फसवतो. तुटलेल्या अर्थवरही डिजिटल मीटर शे-सव्वाशे व्होल्टची भुतं दाखवतो. म्हणून आधी फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोकळं मोजायचं, मग त्याच दोन टोकांना १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून तो पेटलेला असताना पुन्हा मोजायचं. त्या वेळी घरातले सगळे प्लग काढलेले हवेत आणि कुणाचा हात कोणत्याही पत्र्याला लागता कामा नये, कारण अर्थची तार मध्ये तुटलेली असेल तर बल्बमधून आलेली फेज सगळ्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात पोचते. आरसीसीबी असेल तर ही मोजणी त्याच्या आधीच्या बाजूला करावी लागते, नाहीतर तो लगेच पडतो. बल्ब नुसता पेटला म्हणून समाधान मानू नका. तो वीस-तीस ओहमच्या कच्च्या अर्थवरही पेटतो. बल्ब ०.४३ अ‍ॅम्पियर घेतो, म्हणजे मोकळ्या आणि भारावरच्या आकड्यांतला प्रत्येक व्होल्टचा फरक सुमारे २.३ ओहमचा. दोन व्होल्ट उतरले तर पाचच्या आत, उत्तम. दहा उतरले तर तेवीस, खड्डा पुन्हा बघावा लागेल. लाइन स्वतःच खाली-वर होत असते, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरा, आणि तो तारखेसकट मीटरच्या पेटीच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा, एकदा ऑगस्टमध्ये, एकदा मेमध्ये.